सोमवारी तुमी कुठं जायचा

आवं, मला तुमाला एकच गोष्ट इचारायची व्हती. मनगटावरची ती पुळी तुमी बघितली व्हती का? बघितली म्हंजे नुसती नजर गेली व्हती का ओळखली व्हती?

तुमी ढोरांचे डॉक्टर. लोक सलोत्री म्हणायचे, दवाखान्यातला तुमच्या हाताखालचा हुसेनचाचा साब म्हणायचा. सगळ्या उमरगा भागात फाशीचा रोग कसा असतो ते तुमी गावोगाव उभं राहून सांगायचा. ढोर अचानक मेलं आन नाकातनं काळं रगत आलं तर त्याला चिरू नका, कातडं सोलू नका, हाय तसं खोल पुरा. माणसाला त्यो रोग लागला तर कातडीवर पुळी येती, मधी काळी खपली धरती, भवतीनं सुजतं आन दुखत मातर न्हाय, हे मला तिसरी शिकलेलीला तुमीच जेवताना सांगितलं, आन म्या म्हटलं जेवताना असलं बोलू नका. मंग तीच पुळी तुमच्याच मनगटावर आली आन तुमी वरनं चिंधी बांधून कामाला गेला. मला म्हणला, खरचटलंय. तापानं पडला तवा हुसेनचाचानं चिंधी सोडली आन त्यो तिथंच खाली बसला, आन त्याचं तोंड बघून मला कळलं.

ओळखून बांधली असंल चिंधी, तर तुमी मला आन आपल्या लेकीला, सगूला, जाणूनबुजून सोडून गेला. ओळखलीच नसंल तर गोष्ट येगळी हाय. ह्या दोन्हीच्या मधी मी लटकले व्हते, जेवताना बी त्येच आन पोरीला पाजताना बी त्येच. नवा सलोत्री यायचाय म्हणून खोल्या मोकळ्या करा असा सांगावा आला. दादा सोनारीहून बैलगाडी घिऊन आलाय मला न्यायला. मला आदी हे कळायला पायजे व्हतं, त्याबिगर मी कुठं जाणार.

आन हे मी कुठं बसून लिव्हतेय ते ऐका. नीलव्वाच्या वसरीवर. तुमच्या नीलव्वाच्या. तिचं नाव काढलं तरी माझ्या पोटात आग पडायची ती बाई आत माझ्या पोरीला खेळवतीय.

मी पयल्यापासनं अशीच, तुमाला ठाऊक हाय. लगीन होऊन उमरग्याला आले त्या पयल्या दिवशी ताट वाढून बसले, तुमी पयला घास घेतला न्हाय तंवर कुणाची तरी म्हैस अडली म्हणून माणूस आला, आन तुमी उठला. मी नवी नवरी, मला बघायचं व्हतं माझा नवरा काय करतो, म्हणून दवाखान्याच्या कुडाआडनं बघितलं. तुमी म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणत व्हता, थांब गं बाई माझी, थांब, झालंच आता. मला आजपतुर कधी बाई माझी म्हणला न्हाय. म्या घरात येऊन तुमचं ताट झाकलं आन माझं जेवून घेतलं. तुमी आला तर हाताला वास, अंगरख्याला डाग, आन तोंड असं उजळलेलं की जसं तुमीच बाळंत झालाय. म्हणला, रेडी झाली. म्या म्हटलं, मंग बारसं बी तिकडंच करा. तुमी किती हसला.

तवापासनं आपलं भांडण चालूच. म्हशीवरनं, बैलावरनं, त्या शेळीवरनं जिला तुमी माझी गोधडी पांघरली. मला भांडायला आवडायचं, खरं सांगते. तुमी भांडताना माझ्याकडं बघायचा. एरवी तुमचे डोळे सदा कुठल्या तरी गोठ्यात.

सगू झाली तवा मी सोनारीला माहेरी व्हते. तुमी आला, हात धुतले, आन पोरीला उचलायच्या आदी तिचे पाय वढून बघितले, बोटानं हिरड्या चाचपल्या, डोळ्याची पापणी उलटी करून बघितली. माझी आई दारात उभी राहून बघत व्हती. तुमी म्हणला, वासरू ठणठणीत हाय. आई आत जाऊन पदर तोंडाला लावून हसली. तवा मला वाटलं की आता तरी ह्यो माणूस माझा झाला, आता घरातच वासरू हाय.

मंग बुळकांडी आली.

ते साल मला आठवलं तरी नाकात वास येतो. ढोरांच्या डोळ्यांतनं पाणी, तोंडात फोड, हगवण, आन पटापटा पडायची. तुमी आन हुसेनचाचा टोचायची सुई घिऊन गावोगाव. लोक म्हणायचे मरीआईचा कोप हाय, सुईनं आई चिडती, आन ढोरं ओढ्यात नाहीतर उसात लपवून ठिवायचे. तुमी हातापाया पडून टोचलं आन त्यातलं एक मेलं तर गाव म्हणणार सलोत्र्यानं मारलं. बाजार बंद करायचा हुकूम वरनं आला, त्यो बी तुमीच सांगायचा, शिव्या बी तुमीच खायच्या. सुरवातीला तुमी घरी येऊन बोलायचा. एका म्हातारीचा एकच बैल मेला तवा तुमी जेवला न्हाय, भिंतीकडं तोंड करून बसला, आन म्या पाठीवर हात ठिवला तर तुमची पाठ हलत व्हती. मला त्या बैलाचा बी हेवा वाटला. म्या मनात म्हटलं, मी मेले तर हा येवढं रडंल का.

खरं भ्या मला तवा वाटायला पायजे व्हतं जवा तुमी रडायचं सोडलं. पर मला वाटलं, बरं झालं, मन घट्ट झालं. तुमी येऊन नीट जेवायला लागला. गोठाभर ढोरं पुरून आला आन भाकरी खाल्ली, वर आणिक अर्धी मागितली. एकदा आमटीत मीठ घालायचंच राहिलं, तुमी सगळी वाटी संपवली. म्या इचारलं, अळणी न्हाय लागली? तुमी म्हणला, काय? आमटी. म्हणला, चांगली व्हती.

बुळकांडी गेली, पाऊस-पाणी झालं, लोकांनी नवी बैलं घेतली, समदं पयल्यासारखं झालं. तुमी मातर त्या सालातच राहिला. दवाखान्याच्या कुलपात किल्ली घालून उभं राहायचा, फिरवायची हाय हे इसरल्यागत. एका शेतकऱ्याचा बैल दवाखान्यासमोर पाय घसरून पडला तर तुमी हसला. त्यो माणूस नुसता तुमच्याकडं बघत राहिला. रस्त्यावरनं गाय हंबरत गेली तर तुमचे खांदे वर यायचे, कुणी मारतंय जसं. हात धुवायचा, परत धुवायचा. सगू तुमच्या पायाला मिठी मारायची तर तुमी तिला हळूच बाजूला करायचा, मांजर बाजूला करावं तसं. आन माझ्यासंगं भांडायचं बंद झालं. मी काय बी बोलू द्या, तुमी आपले व्हय.

म्या म्हटलं, पोरीला दुधाला एक गाय घिऊ. ढोरांच्या डॉक्टराच्या घरी गाय नसावी व्हय, लोक हसतेत. तुमी म्हणला, न्हाय. म्या म्हटलं, का न्हाय? तुमी म्हणला, हितं तरी नको. म्या रुसले, दोन जेवणं बोलले न्हाय, तुमच्या ध्यानात बी आलं न्हाय. ते गायीचं भांडण आपलं तसंच राहिलं, मला अजून बी वाटतं गाय घ्यायला पायजे व्हती.

हुसेनचाचाला म्या इचारलं, साबांना काय झालंय? त्यो दवाखान्याच्या बाटल्या पुसत व्हता. म्हणला, "कुछ नईं हुआ भाभी. साब का दिल आट गया." म्या म्हटलं, म्हंजे काय? म्हणला, "गाय आटती नईं क्या. वैसाइच."

मला कळलं, आन कळलं बी न्हाय. आटलेल्या गायीला आपण मोकळं सोडतो, चारा घालतो, धार काढत न्हाय. माणसाला कोण मोकळं सोडतंय. आपल्या दारात सूर्य उगवायच्या आदी माणसं बसलेली असायची.

आन मंग सोमवार सुरू झाले. दर सोमवारी दुपारी तुमी नाहीसं व्हायचा. इचारलं तर म्हणायचा, गावाला जायचंय. कुठल्या गावाला? सरहद्दीच्या नाक्याकडं. हुसेनचाचा मातर दवाखान्यातच. औषधाची पेटी बी घरातच. पेटी न नेता सलोत्री कुठल्या ढोराला जातो? संध्याकाळी यायचा तर डोळे निवळलेले, आन एकदा तर सगूला खांद्यावर घेतलं. माझा नवरा आठवड्यातनं एक दिस बरा व्हतोय आन त्यो माझ्या हातनं न्हाय.

हुसेनचाचाला धरलं. त्यो इकडं तिकडं बघायला लागला. "भाभी, मेरे कू मत पूछो." म्या म्हटलं, कोण हाय ती? त्यानं कान धरले. "तौबा तौबा. कोई नईं. नीलव्वा करके है एक, लिंगायताची, नाक्याच्या अल्याड वस्ती हाय तिची." नाव ऐकलं आन मला बाकीचं काय ऐकू आलं न्हाय. नीलव्वा. म्या मनात तिचं सगळं रूप बी काढून ठिवलं, गोरीपान, दंडात वाकी, कपाळाला इभूत, कानडीत गुलूगुलू बोलणारी.

पुढल्या सोमवारी म्या सगूला कडंवर घेतलं आन निघाले. एवढं ऊन. वाटंत सगू झोपली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर लोंबत व्हतं, आन मी काय काय बोलायचं ते तोंडानं पुटपुटत चालले व्हते. वस्तीवर पोचले तर गोठ्याच्या दारात तुमची वहाण. आन वहाणंशेजारी उंबऱ्यावर एक बाई बसलेली, साठीच्या पुढची, तोंडात दात चार असतील नसतील, हातात काठी.

"कोण पायजे?"

"डॉक्टर."

"डॉक्टर न्हाईत. उद्या ये."

"त्यांची वहाण तर हितं हाय."

"वहाण हाय. डॉक्टर न्हाईत. आत एक माणूस निजलाय नुस्ता."

"मी बायको हाय त्या माणसाची."

तिनं मला वरपासनं खालपतुर बघितलं. मंग म्हणली, "मंग तर हळू बोल, यव्वा."

म्या आत डोकावले. दोन बैलं बसलेली, रवंथ करत, आन त्यांच्या मधी कडब्यावर तुमी उताणं, तोंड उघडं, एक हात बैलाच्या पोटावर, आन तुमी घोरत व्हता. घरी तुमचं घोरणं बंद झालेलं कवाच. एवढा मोठा आवाज ऐकून मला रडू बी आलं आन संताप बी आला.

नीलव्वानं मला पाणी दिलं आन हळूहळू सांगितलं. तिच्या बैलाच्या खांद्याला सूज व्हती म्हणून तुमी पयल्यांदा आला त्यो सोमवार व्हता. शेजारचा माणूस तिची बैलजोडी मागायला आला, त्याची पेरणी आडली व्हती, हातापाया पडत व्हता, आन तिनं न्हाय म्हणून सांगितलं. सोमवारी लिंगायत बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत, बसवण्णाचा वार, मंग पेरणी राहू दे न्हायतर घर जळू दे. "एक दिस मान मोकळी न्हाई ठिवली तर खांदा सुजणारच की. तुज्या नवऱ्यानं ऐकलं आन खाली बसला. मनला, बैलाला सोमवार हाय अव्वा, सलोत्र्याला न्हाई. म्या मनले, हितं ये की, हितं समद्यास्नी सोमवार हाय. बोलता बोलता तिथंच कडब्यावर निजला. तवापासनं येतोय."

"काय बोलतेत तुमच्यासंगं?"

"काय न्हाई. येतो, निजतो, उठला की ताक पितो, जातो."

"माझं काय बोलतेत?"

"कुणाचंच काय बोलत न्हाई, यव्वा. कुणी हुडकत आलं तर म्या काठी दावते."

त्यापेक्षा बाई असती तर बरं झालं असतं. तरणीताठी, वाकीवाली. तिच्या दारात जाऊन म्या तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, तुमाला वढून आणलं असतं, चार लोकांनी माझी बाजू घेतली असती. ह्या बोळक्या म्हातारीचं मी काय करू? तिनं तुमाला काय दिलं? कडबा. आन कुणी काय मागणार न्हाय अशी एक दुपार. आपल्या घरात मी व्हते, मऊ अंथरूण व्हतं, पोरगी व्हती, आन तुमाला झोप आली ती दुसऱ्याच्या बैलांत. मी बी तुमाला कायतरी मागणारीच झाले का हो? डोळ्यांनी का हुईना, मागतच व्हते मी. माझ्याकडं बघा, माझ्यासंगं भांडा. मला त्या दोन बैलांचा इतका हेवा वाटला की सांगायची सोय न्हाय.

म्या तुमाला उठवलं न्हाय. घरी आले. सांजच्याला तुमी आला तर केसात कडब्याचं पान. म्या ते काढलं आन चुलीत टाकलं. तुमी माझा हात धरला, उगी घडीभर. तुमाला कळलं व्हतं का मी येऊन गेले ते? नीलव्वानं, तुमच्या अव्वानं, सांगितलं व्हतं का? हे बी आता मी कुणाला इचारू.

पाच-सहा सोमवार बरे गेले. तुमी एकदा म्हणला बी, आज आमटी अळणी हाय. माझा जीव असा उडाला आनंदानं की म्या उठून मीठ आणायचंच इसरले. वाटलं, निभावलं ह्यातनं.

मंग वरनं हुकूम आला. सरहद्दीपल्याडनं येणारी ढोरं तपासायला सोमवारी नाक्यावर हजर राहा. सोमवारच. सोलापूरच्या बाजाराला ढोरं सोमवारी जायची म्हणून. तुमी हुकूम वाचला, घडी घातली, खिशात ठिवला. म्या म्हटलं, दुसरा वार मागा. तुमी म्हणला, व्हय. त्यो व्हय ऐकला आन मला समजलं की तुमी काय मागणार न्हाय. भांडायला बी माणसात कुणीतरी असावं लागतं.

नाक्यावर काय झालं ते हुसेनचाचानं मला तुमच्या मागं सांगितलं, तोंड झाकून. एका हेड्याचा, ढोरांच्या दलालाचा, बैल नाक्यावर पडला आन मेला. कशानं मेला ते लिव्हून पायजे व्हतं, हेड्या मागं लागला व्हता, मागं ढोरांची रांग हंबरत व्हती. चाचा म्हणला, "मैं बोला साब, नाक देखो, नाक में काला खून है, छूना नक्को. साब 'हौ' बोले, और छुरी चला दिए." येवढी गावं हिंडून तुमी लोकांना ओरडून सांगितलं ते, आन तुमचाच हात. तुमी 'हौ' म्हणला, आपलं त्येच व्हय. ऐकून म्हणला का न ऐकता म्हणला? त्या एका हौनं मला जाळलंय. चाचा बी त्येच इचारत बसतो सोताला, दाढी धरून. म्या त्याला म्हटलं, चाचा, तुमी सांगितलं व्हतं. तर म्हणला, "बोला तो मैं. हात नईं पकडा ना."

तुमी गेला आन लोक लई आले. ज्यांची ढोरं तुमी वाचवली ते, आन ज्यांची मेली ते बी. एक म्हातारा म्हणला, देवमाणूस व्हता, कवा दमला म्हणून म्हणला न्हाय. समदे माना डोलावत व्हते. मला वाटलं उठावं आन ह्याला बाहेर घालवावं. दमला म्हणला न्हाय म्हणूनच गेला की.

म्या रडले न्हाय. तेच मला भ्या वाटायला लागलं. आधी वाटलं, राग हाय तुमचा म्हणून रडू येत न्हाय. पर राग बी येत नव्हता. सगू रडायची तर असं वाटायचं शेजारच्या घरात कुणाचं तरी पोर रडतंय. दादा म्हणायचा, अगं पोरगी रडतीय, तवा मी उठायची. पाजायला घ्यायची आन ती पीत असताना मी भिंतीकडं बघत बसायची, आन ध्यानात यायचं की ती कवाच झोपलीय. आज सकाळी दादानं गाडी भरली आन म्हणला, चल. म्या म्हटलं, आदी मला नाक्याकडं न्हे, नीलव्वाच्या वस्तीवर.

"सोनारी मावळतीला हाय, आन तू मला उगवतीला पळवतीस?" दादा म्हणला. "तिथं काय हाय?"

"काम हाय."

"कसलं काम? माझी बैलं सरकारी न्हाईत बया, चालून चालून मरतील."

पर आला. वरवर कुरकुरतो, मनानं चांगला हाय.

अव्वा उंबऱ्यावरच बसली व्हती. तिला कुणी सांगितलं व्हतं तुमचं. ती उठली न्हाय, रडली न्हाय, नुसतं सरकून बाजूला जागा केली. म्या बसले. दादा गाडीजवळ थांबला. म्या तिला सरळ इचारलं, शेवटचं कवा आलते तुमच्याकडं?

ती म्हणली, नाक्यावरचं काम लागल्यावर आला न्हाई, आन मंग एकदा भलत्याच वारी आला. हाताला चिंधी.

"तुमी बघितलं काय झालंय ते?"

"म्या मनले, काय जालं रे हाताला. त्यानं चिंधी सरकवली आन बघितलं. यव्वा, दुसऱ्या कुणाचा हात बघावा का न्हाई, तसं बघितलं. मनला, लागलं असंल काय तरी. आन निजायला गेला."

"भ्याले का?"

"न्हाई."

"तोंड उतरलं? डोळ्यात पाणी?"

"काय बी न्हाई. म्हणून तर मला भ्याव वाटलं."

मला काय उमजंना. जाणून बी असं बोलता येतं आन न जाणून बी. अव्वा माझ्या पायाकडं बघत व्हती. म्हणली, "पायाला काय जालं तुज्या?"

म्या बघितलं. टाच सुजून लाल झालेली, बाभळीचा काटा आत मोडलेला, भवती रगत वाळून काळं पडलेलं. कवा मोडला, कुठं मोडला, किती चालले मी त्याच्यावर, मला काय ठाऊक न्हाय.

"लागलं असंल काय तरी," म्या म्हटलं.

आन माझंच मला ऐकू आलं. अव्वाला बी आलं. दादाचे बैल शेपटीनं माश्या हाकत व्हते तेवढाच आवाज.

तुमी ओळखली न्हाय पुळी. मी तुमाला सांगते, मला आता पक्कं ठाऊक हाय, कुणी देवाची आण घालून सांगितलं तरी मी दुसरं मानणार न्हाय. तुमी आमाला सोडून गेला न्हाय. सोडून जायला आत माणूस जागा असावा लागतो. हात तुमचा व्हता, पाय माझा व्हता, आन बघणारं घरात कुणीच नव्हतं. त्या म्हाताऱ्याला, त्या दारात बसणाऱ्या समद्यांना मला हे सांगायचंय, पर त्यांना कळंल का, आन मला सांगता यील का.

लगेच दुसरं भ्या आलं. तुमचं झालं तसं माझं झालं तर सगूचं काय? तुमी ज्या वाटंनं गेला त्याच वाटंवर मी काटा मोडून घिऊन चालतेय आन कडंवर पोरगी हाय. तुमी एक गोष्ट कवाच म्हणला न्हाय, ना मला, ना हुसेनचाचाला, ना वरच्यांना, ना ह्या बाईला. ती म्या म्हटली. मान खाली घालून, हिच्यासमोर, जिचा मला एवढा राग.

"अव्वा, माझ्याच्यानं व्हत न्हाय."

ती म्हणली, "साकू. दे कूस हिकडं."

कानडीत साकू म्हंजे पुरं आन कूस म्हंजे लेकरू, येवढं मला येतं. म्या सगूला पुढं केलं. मला वाटलं सगू आकांत करंल. दादाकडं सुद्धा ती जात न्हाय, सख्खा मामा असून. ती अव्वाच्या मांडीवर जाऊन बसली आन तिच्या गळ्यातलं लिंग मुठीत धरून बघायला लागली. अव्वानं दादाला सांगितलं, बैलं सोड, आज गाडी न्हाई जायची. दादा म्हणला, हे कोण मला सांगणार? अव्वानं काठी दावली. दादानं बैलं सोडली.

मंग तिनं सुईनं माझा काटा काढला आन तवा दुखलं. लई दुखलं. मी तिचा खांदा धरून रडले, काट्यापायी म्हणून सुरू झालं आन कशाकशापायी चाललं ते ठाऊक न्हाय. नंतर गोठ्यात जाऊन पडले. तुमच्या जागंवर न्हाय, मुद्दाम बाजूला.

उठले तर ऊन कलतं झालं व्हतं. म्या दादाकडनं कागद मागून घेतला आन वसरीवर बसून हे लिव्हतेय. पाय ठणकतोय. आतनं आवाज येतोय, सगू हसतीय, खदाखदा, बापाच्या मागं पयल्यांदा. आन अव्वा तिला कानडीत काय काय बोलतीय आन ही कारटी पोरगी तिला अव्वा अव्वा करतीय. मला अजून नीट आई म्हणत न्हाय. तुमाला झोप आली ती हिच्याकडं, तुमच्या पोरीला हसू आलं ते बी हिच्याकडंच. मी काय नुसती वझं वाहायला हाय का?

आत्ता मी उठून आत गेले आन सगूला तिच्या मांडीवरनं उचलून घेतलं, जरा हिसक्यानंच. अव्वा माझ्या तोंडाकडं बघत राहिली आन तिचं बोळकं पसरलं.

"जळतीस व्हय गं माज्यावर?"

म्या म्हटलं, "व्हय."